ताईचे दोन सेकंद

शनिवार, ३ मे

“अगं, ही माणसं पडतायत की तरंगतायत?” — पूर्ण फिल्म बघून ताई एवढंच म्हणाली. झोंबलं. पण खोटं नव्हतं. चार मिनिटं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्लो मोशन! आठ वर्षं लग्नाच्या फिल्मा केल्या. तिथे नवरीने नुसती मान वळवली तरी हळू करायचं. हाताला तेच वळण पडलंय.

ताई आठवडाभर शहरात बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उडी मारते. वय सत्तेचाळीस. मी स्टुलावर चढले तरी मला घेरी येते — एकाच आईच्या दोघी! तिच्या क्लबात सगळे असेच हौशी. तिच्या चमूत चौघं : ती, एक पोस्टमन, बेकरी चालवणारी एक बाई आणि गणिताचे एक सर. सरांना सगळे नुसतं ‘गणित’ म्हणतात. चौघं हवेत एकमेकांचे हात धरून आकृत्या करतात. त्यांच्या डोक्यावर, हेल्मेटला कॅमेरा बांधून, पाचवा एक पडत असतो — त्याचं नाव ‘डोळा’. तो जे आणतो ते कापायचं-जोडायचं काम गेल्या महिन्यापासून माझं.

रविवार, ४ मे

सगळं मोडून पुन्हा बसवलं. विमानाच्या दारातून सुटतात ते आता मुळीच हळू करत नाही. तिथे बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायलाच हवा. हळू करायचं ते फक्त हात हातात येतात तेव्हा. डोळ्याने कॅमेरा सेकंदाला एकशेवीस फ्रेमवर लावून दिलाय, त्यामुळे चौपट हळू केलं तरी चित्र आचके देत नाही.

आणि मग दिसतं! नेहमीच्या वेगात चौघांचे गाल वाऱ्याने पिशवीसारखे फडफडतात, बाकी काही कळत नाही. हळू केलं की ताईची करंगळी दिसते. ताशी दोनशे किलोमीटरने जमिनीकडे येणारी ही बाई गणितची बाही अशी अलगद धरते, जसं काही बाळाचं झबलं आहे. तो घाबरलेला. नवाच आहे, जेमतेम साठ-सत्तर उड्या. ती त्याच्याकडे बघून मान हलवते. त्याचे खांदे सैल पडतात. एवढं सगळं पाऊण सेकंदात.

लहानपणापासून हिच्याबरोबर राहिले आणि ही मला आत्ता दिसतेय.

शनिवार, १० मे

चार उड्या. मी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून. शेवटच्या उडीत ताईची छत्री सगळ्यांत खाली उघडली. ती उभ्याने उतरली, पॅराशूट काखोटीला मारून आली, “चहा आहे का गं?” चीफ — म्हणजे क्लबचे मुख्य प्रशिक्षक — वर बघत होते, मग तिच्याकडे बघितलं. महिन्याभराने स्पर्धा. ताई दोन वर्षं तयारी करतेय.

रविवार, ११ मे

हे लिहू की नको.

कालच्या शेवटच्या उडीचा शेवट जोडत होते. दीड हजार मीटरवर आकृती मोडायची, चौघांनी चार दिशांना वळून लांब सरकायचं, आणि मग आपापलं हँडल ओढायचं. डोळा त्या वेळी खाली ताईच्या पातळीला येऊन जवळून तिच्याकडे बघत होता. फ्रेममध्ये ती एकटीच, बाकी आकाश. ओढतानाचा हात सुंदर दिसतो, म्हणून हळू केलं.

हात मागे कमरेवरच्या हँडलकडे गेला. आणि रिकामा परत आला.

मग पुन्हा गेला. तेव्हा छत्री निघाली.

नेहमीच्या वेगात हे दिसतच नाही, नुसती हालचाल वाटते. फ्रेम मोजल्या. दोनशे साठ. दोन सेकंदांहून जास्त. तेवढ्यात माणूस शंभर मीटरपेक्षा जास्त खाली येतो.

सोमवार, १२ मे

दोनदा फोन हातात घेतला. ठेवला.

मंगळवार, १३ मे

ताई बसची पाळी संपवून आली तशी तिच्या स्वयंपाकघरात गेले. लॅपटॉप ओट्यावर ठेवला. तिने उभ्यानेच बघितलं.

“परत दाखव.”

दाखवलं.

“अजून हळू होतं का?”

केलं. ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली. चित्राच्या कडेला काहीतरी शोधत असल्यासारखी. मग सरळ झाली.

“हं. नाही सापडलं हँडल.”

“ताई, हाताला मुंग्या वगैरे येतात का? खरं सांग.”

“वय झालं असेल.”

“चेष्टा नको.”

“चेष्टा कुठे करतेय?” तिने कप विसळायला घेतला. एकच कप, बराच वेळ. “चीफना दाखवणार आहेस?”

“तू म्हणशील तसं.”

“मी कशाला म्हणू? तुझं काम तू कर.”

रागावली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, १४ मे

दाखवलं. चीफनी तीन वेळा पाहिलं. डॉक्टरचा कागद येईपर्यंत उडी बंद, म्हणजे स्पर्धाही गेली. तिच्या जागी दुसऱ्या क्लबातली एक मुलगी.

“चांगलं केलंस,” असं म्हणाले मला. मला ते ऐकायचं नव्हतं.

ताईने स्वतः डेपोत जाऊन सांगितलं. हाताची तपासणी होईस्तोवर बस चालवायची नाही म्हणून रजा टाकली. हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं! उडी तरी हौसेची. बस म्हणजे तिची भाकरी.

रविवार, १८ मे

वाटलं होतं, ती मैदानाकडे फिरकणार नाही. माझ्या आधी हजर.

गाड्या लावतात त्या जागेत तिने गणितला सरावाच्या, चाकं लावलेल्या फळीवर पालथं घातलं होतं. आकृती मोडल्यावर वळायचं कसं, ते घोटून घेत होती. “डावीकडून नाही. आधी मान, मग खांदा. परत.” अकरा वेळा मी मोजलं. पुढचं सोडून दिलं.

“बाई, मी पोरांना इतकं छळत नाही हो,” गणित खालून म्हणाला.

“म्हणूनच नापास होतात. परत.”

माझ्याशी नीट बोलली. जेवलीस का, वगैरे. तिला बघत राहावंसं वाटत होतं, आणि बघवत नव्हतं.

शुक्रवार, ३० मे

सगळ्या तपासण्या झाल्या. मान, शिरा, डोळे, रक्त. डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे, तिशीतल्या माणसाचा असावा तसा. बस सोमवारपासून सुरू. मी हुश्श केलं.

चीफनी मात्र कागद वाचून मान हलवली. “हात बरा आहे आणि तरी हँडल चुकलं — मग मला जास्त काळजी वाटते.” स्पर्धा संपल्यावर, त्यांच्या देखरेखीखाली, नवशिक्यासारख्या तीन उड्या. मग बघू.

सहा वर्षांत पाचशेवर उड्या मारलेली बाई. समोर उभी राहून “बरं” म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम.

रविवार, ८ जून

तिसरे आले! हौशी गटात तिसरे! ताईने दिवसभर स्टॉपवॉच धरलं, ओरडून ओरडून घसा बसवला. तिच्या जागची मुलगी उतरली तेव्हा पहिली मिठी हिनेच मारली. गणितचं वळण आज अगदी आखल्यासारखं. तो धावत आला, वाकून तिच्या पायाच पडायला लागला. तिने त्याची कॉलर धरून उभा केला.

मी गाडीत जाऊन रडले. ती काचेवर टकटक करत आली. “पूस ती काच आतून. वाफ धरलीय, घरी कशी जाणार?”

मग शेजारी बसली.

सोमवार, १६ जून

ताईसाठी एक फिल्म करायची ठरवली. तिच्या सगळ्या जुन्या उड्यांची. माफी मागायची म्हणून म्हटलं तरी चालेल. ज्याच्याकडे जे असेल ते मागवलंय. पोस्टमनच्याही हेल्मेटवर एक छोटा कॅमेरा असतो, हे आजच कळलं. “माझं काय बघायचं त्यात? सगळं तिरकंतारकं असतं,” म्हणाला. जगाची पत्रं पोचवतो, स्वतःच्या कॅमेऱ्याचं कार्ड आणून द्यायला मात्र चार दिवस लावणार म्हणे.

शनिवार, २१ जून

कार्ड आलं. त्यात दहा मेची शेवटची उडी आहे.

पोस्टमनने लांब सरकताना मान मागे वळवली होती. चित्र तिरकं आहे, पण ताई पूर्ण दिसते. आणि तिच्या पाठीच्या बरोबर वर, थोड्या अंतरावर, गणित. चुकीच्या बाजूने वळून तिच्यावर आलेला. त्याचं तोंड पलीकडे, त्याला ती दिसलेलीच नाही. तिने तिथे हँडल ओढलं असतं तर तिची छत्री उघडून थेट त्याच्या अंगात गेली असती.

हळू केलं. ताईचा हात हँडलवर आहे, पकड बसलेली आहे. ती वर बघते. बोटं सोडते. बाजूला सरकते, त्याची छत्री निघेपर्यंत त्याच्याकडे बघत खाली पडत राहते. मग ओढते.

त्याला अजून माहीत नाही. ताईखेरीज कोणालाच माहीत नाही.

चीफकडे जाणार आहे. आधी ताईकडे.