दसऱ्याच्या मुहूर्ताचे गहाणखत

बुधवार, ३ सप्टेंबर
श्रीगजाननाच्या कृपाछत्राखाली ही नोंद करतो. गीतापाठातील स्नेही मनमोहन यांना दुकानासाठी आठ लाख दिले. तारण त्यांचा वडाळ्याचा ब्लॉक. रक्कम पत्नी सुभद्रेच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची. तारीख डिसेंबरातली, तोवर परत येईलच. पुतणी मधुरा वकील. म्हणाली, काका, गहाणखत आजच सही करून नोंदवा. आधी नोंदवील त्याचा बोजा, म्हणजे वसुलीचा हक्क, पहिला. शुभकार्यास घाई अशोभनीय. दसरा निश्चित केला.

सोमवार, ८ सप्टेंबर
पितृपक्ष लागला. मधुराचा पुन्हा फोन. तिला शांतपणे समजावले, या पंधरवड्यात कोणीही घर गहाण ठेवीत नाही. आतून ही म्हणाली, अहो, तुम्ही नाही ठेवत.


गुरुवार, २ ऑक्टोबर. सकाळी
विजयादशमी. मसुदा सरस्वतीपूजनात ठेवला, हळदकुंकू वाहिले. निघताना मधुराचा फोन: काका, आज नोंदणी ऑफिस बंद. सुट्टी.
पंचांगात सरकारी सुट्ट्याही असतात. ते पान मी वाचीत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर
एकादशी, दसऱ्याहूनही सात्त्विक. नोंदणी ऑफिसातले टोकन अकरा वाजताचे होते, परंतु राहुकाळ बारापर्यंत. बाकावर बसून विष्णुसहस्रनाम म्हटले. टोकन गेले. मधुराने तेवढ्यात आत जुन्या नोंदींचा शोध घेतला. त्याच ब्लॉकवर बँकेचे गहाणखत नोंदलेले, पस्तीस लाखांचे. दिनांक १२ सप्टेंबर!
मनमोहन यांस फोन लावला. म्हणाले, अण्णा, तुम्ही म्हणालात दसरा, बँक म्हणाली आत्ता. मी काय करणार?
पितृपक्षात? असे मी मधुराला विचारले.
म्हणाली, काका, बँकेला पितर नसतात.

सोमवार, ६ ऑक्टोबर
नोंदणी झाली. आमचा बोजा दुसरा. लक्ष्मणाचाही मान दुसराच होता. त्याचे काही अडले नाही. मधुरा म्हणते, ब्लॉक विकला तरी बँकेचेच जेमतेम भागेल. तिचा रामायणाचा अभ्यास नाही.

सोमवार, १ डिसेंबर
गीताजयंती. पाठास मनमोहन आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. हिने हॉस्पिटलची तारीख रद्द केली, मला न विचारता. नवा दिवस काढावा म्हणून पंचांग उघडले. म्हणाली, अहो, ते ठेवा. जिन्यावर हात द्या.
हात दिला. तिसरा मजला. प्रत्येक पायरीवर ती थांबली, मीही थांबलो.
हे पान ज्याच्या दृष्टीस पडेल, त्याच्या घरच्यांचे गुडघे शाबूत राहोत आणि त्याचा कागद सर्वांआधी नोंदला जावो. शुभं भवतु.