कनेक्टेड तर दाखवतंय

३ मार्च, रविवार

गाडीत नवा स्टीरिओ बसवला. जुन्यात एक कॅसेट अडकून बसली होती, ठकी तिसरीत असल्यापासून. हा ब्लूटूथवाला आहे. वायर नाही, कॅसेट नाही. गाणं फोनमध्ये, आवाज गाडीत, मधे नुसती हवा.

दुकानदाराने विचारलं, फोन जोडून देऊ का. म्हटलं, राहू द्या. मी रंगाच्या कारखान्यात शेड जुळवतो. ज्याला पांढऱ्यातला पांढरा नुसत्या डोळ्यांनी निवडता येतो, त्याला एक फोन आणि एक डबा जुळवता येणार नाही?

घरी ठकी म्हणाली, बाबा, दे इकडे, लगेच होईल. दिला नाही. कारण इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. लेकीला नोकरी लागली आहे. लांबच्या शहरात. सतराला तिला सामानासकट सोडायला जायचं आहे. अख्ख्या दिवसाचा रस्ता. त्या रस्त्यात तिच्या लहानपणीची सगळी गाणी ओळीने वाजवायची, असा बेत आहे. मधे मधे निवेदन माझं. लहानपणी गाडीत मी 'श्रोतेहो' म्हटलं की ठकी मागच्या सीटवर टाळ्या पिटायची.

बेत गुप्त आहे. फक्त बायकोला (यापुढे 'ही') सांगितलं. हिचं म्हणणं, गाणी कशाला, सरळ तोंडाने बोला. नोकरीची बातमी आली त्या दिवशी मी म्हणालो होतो की असल्या नोकऱ्या इथे ढिगाने पडल्या आहेत. तेव्हापासून ठकी माझ्याशी कामापुरतंच बोलते. मुलांचे फार लवकर गैरसमज होतात.

४ मार्च, सोमवार. सकाळी

जोडला! पहिल्याच प्रयत्नात. आधीचा एक धरत नाही, किल्ली फिरवायची राहिली होती.

निघताना ठकी गॅलरीतून ओरडली, बाबा, हँडब्रेक. मी वर बघून सांगितलं, माहीत आहे, तपासत होतो. गेटपर्यंत गाडी जड जात होती ते त्यामुळे नव्हे. हल्ली पेट्रोलच बरोबर येत नाही.

कारखान्यापर्यंत गाणी. आवाज घंटेसारखा.

६ मार्च, बुधवार

आमच्या पार्किंगला लागून मौनीबाबांची गाडी असते. खरं नाव वेगळं आहे, पण गृहस्थ बोलतच नाहीत. 'बरं' हे त्यांचं भाषण. आज त्यांनी काचेतून माझा स्टीरिओ पाहिला आणि एक भुवई वर केली. एवढी उत्सुकता दाखवल्यावर माणसाला वाऱ्यावर सोडणं बरं नव्हे. सगळी माहिती दिली. त्यांच्या बायकोने वरून दोनदा हाक मारली तरी पुरी केली. संध्याकाळी मीच त्यांना दुकानात नेऊन तेच मॉडेल बसवून दिलं.

मग प्रात्यक्षिक. त्यांच्या गाडीत बसून माझाच फोन जोडून दाखवला. चार शून्यं दाबायची, की झालं. एक गाणंही ऐकवलं. ते म्हणाले, बरं.

समाजात आपलं ज्ञान असं वाटत राहिलं पाहिजे.

८ मार्च, शुक्रवार

विचित्र प्रकार. सकाळी फोन म्हणतो 'कनेक्टेड', आणि गाडीत चिडीचूप. आवाज वाढवला. आणखी वाढवला. शेवटपर्यंत नेला. ढिम्म.

शेजारी मौनीबाबा आपल्या गाडीतून ताडकन बाहेर पडले. बॉनेट उघडून आत बघत राहिले, मग सीटखाली बघितलं. काही लोकांना नवीन वस्तू झेपत नाहीत. विचारणार होतो, पण माझाच उशीर होत होता.

९ मार्च, शनिवार

काल संध्याकाळी वाजला! आज सकाळी पुन्हा बंद. दुपारी चालू. म्हणजे यात काहीतरी सूत्र आहे.

विचार करून सूत्र काढलं. सकाळी सगळ्या इमारतीचे फोन एकदम सुरू होतात. हवेत लहरींची गर्दी. माझी लहर बिचारी रांगेत उभी. जेवताना हे सांगितलं. ठकीने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, मग आमटी वाढून घेतली. ही म्हणाली, अहो, तिला विचारा ना. म्हटलं, विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही.

१० मार्च, रविवार

दुकानात गाडी नेली. तिथे पहिल्या झटक्यात वाजला. दुकानदार म्हणाला, साहेब, प्रॉब्लेम काय आहे? म्हटलं, काही नाही, तपासत होतो.

१२ मार्च, मंगळवार

निवेदनं रेकॉर्ड करायला घेतली. बाथरूममध्ये माझा आवाज भरदार येतो. 'श्रोतेहो, पुढचं गाणं आहे आपल्या एका छोट्या श्रोत्यासाठी, जिला गाडी लागायची म्हणून आपण दर पुलावर थांबायचो...' इतक्यात हिने दार वाजवलं. आत काय चाललंय म्हणे. दुसऱ्यांदा घेतलं. त्यात शेवटी दाराचा आवाज आहे, पण तो नैसर्गिक वाटतो.

रोज सकाळी निघण्याआधी गाडीत बसून सगळा कार्यक्रम एकदा लावतो. ऐकू येत नसला तरी स्क्रीनवर नावं सरकतात, क्रम डोक्यात बसतो. या फोनची एक खोड लक्षात ठेवली पाहिजे: नवीन रेकॉर्डिंग सगळ्यात वर जाऊन बसतं आणि तेच आधी वाजतं.

मौनीबाबा हल्ली वेळेआधीच खाली येऊन गाडीत बसतात. काचा बंद, डोळे मिटून. आज मानही डोलावत होते. ध्यान वगैरे सुरू केलं असावं. या वयात चांगलंच.

१४ मार्च, गुरुवार

नवीन सूत्र: उष्णता. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन सकाळी तापलेला असतो. म्हणून आज ओल्या रुमालात गुंडाळला. नाही वाजला. मग डब्याच्या पिशवीत काकडीशेजारी ठेवला. तरी नाही. दिवसभर फोनला काकडीचा वास. साहेबांचा फोन आला तेव्हा घाईत रुमालासकट कानाला लावला. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस आहे का.

संध्याकाळी ठकीच्या खोलीवरून जात होतो. पुस्तकांचा कप्पा रिकामा. भिंतीवरचं वेळापत्रक काढलेलं, त्या जागी भिंत जरा उजळ. आत गेलो. खरं तर काहीतरी बोलायलाच गेलो होतो. तिने विचारलं, स्टीरिओ कसा चाललाय? म्हटलं, उत्तम. ती म्हणाली, हं. मग मी खिडकीची कडी तपासली आणि आलो.

ही मुलगी घरात नसणार हे मला अजिबात पटत नाही. मिठाच्या गुळण्या केल्या. निवेदनाचा ताण.

१६ मार्च, शनिवार

शेवटचं निवेदन रेकॉर्ड केलं. हे सगळ्यात शेवटी वाजवायचं. तिचं नवीन घर दिसायला लागलं की. म्हणजे त्यावर चर्चा व्हायला वेळ उरणार नाही.

फार विचार न करता एका दमात बोललो. इथेही उतरवून ठेवतो: 'श्रोतेहो, हे श्रोतेहो नाही, ठकीसाठी आहे. ठके, नोकऱ्या इथे ढिगाने आहेत असं मी म्हणालो, ते खोटं. अशी नोकरी इथे एकही नाही, आणि असती तरी तुझ्याइतकं हुशार कोणी त्यांना मिळालं नसतं. मला एवढंच म्हणायचं होतं की लांब आहे गं फार. आणि मला हँडब्रेकची आठवण कोण करणार.'

शेवटचं वाक्य काढणार होतो. काढायचं कसं ते सापडलं नाही.

उद्याची तयारी पूर्ण. फोन रात्रभर खिडकीत, गार. यश शंभर टक्के.

१७ मार्च, रविवार. मुक्काम ठकीचं नवीन घर

घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी सामान भरत होतो. ठकी डिकीत गादी कोंबत होती, ही पाण्याच्या बाटल्या मोजत होती. शेजारी मौनीबाबा गाडी चालू करून, चारही काचा खाली घेऊन बायकोची वाट बघत बसलेले. म्हटलं, निघण्याआधी एकदा तपासून घ्यावं. गाडीत बसलो. कनेक्टेड. आवाज पूर्ण. बटण दाबलं. नवीन आधी वाजतं, हे ऐन वेळी डोक्यातून गेलं.

माझ्या गाडीत चिडीचूप. मौनीबाबांच्या गाडीतून मी बोलायला लागलो.

काय तो आवाज! अख्खं पार्किंग दणाणलं. 'ठके, नोकऱ्या इथे ढिगाने आहेत असं मी म्हणालो, ते खोटं.' वरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं आली. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. मी फोनवर दिसेल ते दाबत होतो. त्याने आवाज थांबला नाही, टॉर्च लागला. मौनीबाबांनी बंद करायला हात पुढे केला आणि मधेच थांबवला. ऐकायचं होतं त्यांना! 'लांब आहे गं फार' झालं. हँडब्रेकही झाला. त्यानंतर दर पुलावर थांबण्याची हकिकत सुरू झाली, दाराच्या आवाजासकट.

ठकी गादी तशीच अर्धी बाहेर सोडून आली. मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो. वाटलं, आता हसेल. तिने काचेतून हात घालून माझ्या हातातला फोन घेतला, बंद केला आणि खिशात ठेवला. डोळे लाल होते. मग आईला म्हणाली, तू मागे बस, मी पुढे बसते.

गाडी हलेना. ती म्हणाली, बाबा, हँडब्रेक.

रस्त्यात एक गाणं वाजलं नाही. माझ्या मेहनतीवर पाणी. सगळा वेळ ठकीच बोलत होती. प्रात्यक्षिकाच्या दिवसापासून माझ्या फोनने मौनीबाबांची गाडीही ओळखीची धरली होती, म्हणून दोन्ही गाड्या चालू असल्या की तो आधी तिकडे जायचा, हे तिने समजावून सांगितलं. म्हटलं, मला तशी शंका होतीच. मग नवीन ऑफिसचं सांगितलं. खोलीतल्या मैत्रिणीचं सांगितलं. भीती वाटतेय म्हणाली, थोडी. एका पुलाशी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि कारण नसताना आम्ही तिघं नुसते पाणी बघत उभे राहिलो.

थोडक्यात, कार्यक्रम पूर्ण फसला.

१८ मार्च, सोमवार

परत आलो. येताना दोघंच. ही म्हणाली, बोललात एकदाचे. म्हटलं, मी कुठे बोललो, रेकॉर्डिंग बोललं.

पार्किंगमध्ये मौनीबाबा भेटले. आपणहून थांबले. म्हणे, आठवडाभर त्यांना वाटत होतं की कुठलं तरी रेडिओ स्टेशन लागतंय. निवेदक बरा होता. पुलाची गोष्ट तर फारच आवडली. आता कार्यक्रम बंद का?

म्हणजे सलग चार वाक्यं! या माणसाला बोलतं केलं कोणी? आता याला अपयश म्हणायचं की काय, हे ज्याने त्याने ठरवावं.

२१ मार्च, गुरुवार

तिच्या खोलीचा दिवा चालूच राहिला होता का, हे बघायला दोनदा गेलो. बंद होता.

ठकीचा फोन आला. हिच्याशी बराच वेळ बोलली. मग मला दिला. मी विचारलं, पाणी येतं का तिकडे. ती म्हणाली, येतं. बरं म्हटलं. नंतर आठवलं की मला वेगळंच विचारायचं होतं. पुढच्या वेळी आधी मुद्दे काढून ठेवीन.

कामाला बसने जातोय. गाडी विश्रांती घेतेय.

२४ मार्च, रविवार. सकाळी

सकाळी साहजिकच एकदा खाली जाऊन बसलो. मौनीबाबाही आपल्या गाडीत होते, इंजिन चालू, काचा खाली, डोळे मिटलेले. म्हणजे कसोटी अवघड होती.

फोन उघडला. यादीत आमच्या स्टीरिओचं नाव बदललेलं. तिथे लिहिलंय: 'बाबाची गाडी, शेजारच्यांची नव्हे'. शेजारच्यांची गाडी यादीतून गायब. माझी चिकाटी बघून फोननेच स्वतःला दुरुस्त केलं असावं. (ही म्हणते, सतराला तिकडे मी सामान वर नेत होतो तेव्हा ठकी खाली गाडीत फोन घेऊन बसली होती. हिचा गैरसमज.)

कनेक्टेड. गाडी गिअरमध्ये टाकली. मंडईपर्यंत एक चक्कर मारावी म्हटलं, गाणी ऐकत. जड जात होती. पेट्रोलच. गेटपर्यंत जळका वासही येऊ लागला. त्याकडे लक्ष न देता बटण दाबलं आणि माझ्या भरदार 'श्रोतेहो'ची वाट बघितली.

आला, पण माझा नाही. नवीन आधी वाजतं. आवाज ठकीचा. पहिल्यांदाच इतका स्वच्छ, चारी स्पीकरमधून, जणू मागच्या सीटवरच बसलीय:

'श्रोतेहो, कार्यक्रम रोज सकाळी चालू राहील. मी इकडे बरी आहे. लांब आहे, पण बरी आहे. आता पहिलं गाणं. त्याआधी एक सूचना. बाबा, हँडब्रेक.'

गेटपाशीच गाडी उभी केली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. खाली बघितलं. वर ओढलेलाच होता.

तपासत होतो.