सुपातून घेतलेली

प्रिय नीलम,

आठ महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. जागृतीच्या हातून पाठवतेय. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस.

आईने कानातला तो जुना सोन्याचा जोड मला दिला तेव्हा तू जे बोललीस, ते माझ्या मनातून गेलेलं नाही. तिला आंघोळ घालतेस तू, भरवतेस तू, रात्री उठतेस तू, आणि जोड नवघरला दिलेल्या लेकीला! ‘आई पहिल्यापासून तुझीच,’ असं म्हणून तू दार लावलंस. खरं सांगू? मला वाईट वाटलं, पण आतून थोडं बरंही वाटलं होतं. आता त्याची लाज वाटते.

माझ्या साठीला लोकांनी साड्या आणल्या, माझ्या लेकीने, जागृतीने, थुंकायची नळी आणली. त्यात थुंकून परदेशात पाठवायची, की म्हणे आपले पूर्वज कुठले ते कळतं. मी म्हटलं, त्यात काय कळायचंय, चौकचे कोळी आम्ही, समुद्राला विचार. दीड महिन्याने जागृती मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसली. आईकडून लेकीला, तिच्याकडून तिच्या लेकीला असा जो धागा उतरत येतो, तो माझ्या बाबतीत मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांचा निघाला. मेक्सिको, नीलम! माझं सगळं जग चौक ते नवघर, फार तर एकवीरेचा डोंगर. मी तिला म्हटलं, कुणाची तरी थुंकी बदलली असणार. तिने पुन्हा पैसे भरून पुन्हा तपासणी केली. पुन्हा मेक्सिको.

त्याच कंपनीच्या यादीत माझ्याशी रक्त जुळणारी, जवळच्या नात्यातली एक बाई निघाली, रीमा. टोरांटोला असते, पण मूळ घर चौकचं, ख्रिस्ती कोळ्यांचं. तिचा धागाही तोच. ती दहा वर्षं चर्चच्या जुन्या वह्या चाळतेय; आई, आजी, पणजी करत सात बायांपर्यंत पोचलीय. त्याच्या मागे फक्त एका पोर्तुगीज कागदात एक ओळ आहे : मेक्सिकोहून मनिला, मनिलाहून गोवा आणि तिथून वसईला जहाजाने आणलेली एक बाई, बाप्तिस्म्याचं नाव मारिया. तिचं खरं नाव कुणी लिहिलंच नाही. जागृती वाचत होती, मी कांदा चिरत होते. मला त्या मारियाचं काही वाटेना. मला एकच कळेना, की यात आपली आई लक्ष्मी कुठे बसते?

मग रीमाने वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. तिच्या आजीची बहीण बाळंतपणात गेली, मुलीला घाईघाईने बाप्तिस्मा दिला. मूलही गेलं असं त्यांच्या घरी सांगतात, पण त्याला पुरल्याची नोंद कुठेच नाही. तारीख माझ्या जन्माची. आईचं नाव रेजिना.

रेजिना! आपल्या शेजारची. आई लहानपणापासून सांगायची ना, सुगंधाला रेजिनाच्या सुपातून मूठभर तांदळाला घेतलीय. पहिली मुलं जगत नसली की नवं मूल सुपात घालून शेजारणीला द्यायचं आणि तांदूळ देऊन परत घ्यायचं, म्हणजे सटवीची नजर चुकते. गावात घरोघरी असं करत. आपल्यालाही तेच वाटलं. तू तर मला ‘सुपातली’ म्हणून चिडवायचीस. त्या सुपाआधी मी आईच्या पोटात नव्हतेच, हे कुणाच्या डोक्यात तरी आलं का?

मंगळवारी तू मासळी घेऊन भाईंदरला गेल्यावर मी चोरासारखी आपल्या घरी आले. आई ओट्यावर बसली होती. विचारलं, तर शांतपणे म्हणाली, ‘मी कवा खोटं बोल्ले? सुपातून घेतलीय म्हणून जल्मभर सांगतेय, तुमीच हसत व्हत्या.’ तिचं आठ दिवसांचं बाळ गेलेलं, छातीत दूध होतं. रेजिनाचा नवरा आधीच दर्यात बुडून गेलेला. मरताना रेजिनानेच सूप पुढे केलं. मूठभर तांदूळ आईने खरोखरच दिले होते, तिच्या हातात.

मला रडूही येईना. मी विचारलं, मग तू मलाच का जोड दिलास, नीलमला का नाही? आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडी आहे. ‘तो जोड रेजिनाचा. तुझाच व्हता, तुला दिला. माझं जे हाय ते समदं नीलमचं हाय.’

हेच सांगायला हे पत्र, नीलम. आईने स्वतःचं म्हणून मला गुंजभरही दिलेलं नाही. परत येताना रिक्षात मी ढसाढसा रडले, ते रेजिनासाठी नाही आणि त्या जहाजातल्या मारियासाठी तर नाहीच. तुझ्यावर जळून रडले. तू उगाच भांडलीस गं, आई तुझीच होती. रविवारी मी चौकला येतेय. तू जन्मलीस तेव्हापासून मी तुझी ताई होते, ती आपोआप. आता तू हाक मारलीस तरच आहे. दार उघडशील तेव्हा आधी तेवढी हाक मार, मगच काय भांडायचं ते भांड.

तुझीच,
सुगंधा

(पुढे ‘ताई’ लिहिलं होतं, ते खोडलंय. ते तू लिही.)