खलिफाची फेरी राजापेठेत

३ ऑक्टोबर
आज लय खुश. शेजारच्या हमीदाबीनं खलिफा उमरची गोष्ट सांगितली. एवढं मोठं राज्य अन् अंगावर ठिगळाचा झगा! ओळख न देता फिरे, कोणाले काय दुःख ते आयके. एकीकडे लेकरं भुकेनं रडत होती, माय हंडीत नुसतं पाणी उकळत होती. त्यानं पिठाचं पोतं सोताच्या पाठीवर आणलं. नोकर म्हणे मी घेतो. तर म्हणे, कयामतीच्या दिवशी माझं ओझं तू उचलशील काय? सोता चूल फुंकली. लेकरं जेवेपर्यंत उठला नाही. हमीदाबी म्हणे, आमी अजूनबी राज्य करणाऱ्याले त्याच्याच मापानं मोजतो.

५ ऑक्टोबर
ठरलं. मीबी असंच राज्य करीन. राज्य म्हणजे पोरगा ललित, सून नीलम अन् राजापेठेतला फ्लॅट. दिवाळीनंतर मी वलगाव सोडून तिथंच राहाले जाणार. माही खोली रेडी हाय, ललित दरवर्षीच सांगते. बिझी माणूस, मले न्याचं राहून जाते. त्याच्याआंधी एक फेरी मारीन, ओळख न देता. हमीदाबी म्हणे फोन करून जाय. खलिफा काय फोन करून जात होता?

८ ऑक्टोबर
गुडघे दुखले. राज्य बंद.

१० ऑक्टोबर, सकाळ
ज्वारी दळून आणली. ठिगळाचं लुगडं नेसली. ऑटोवाला पोतं उचलतो म्हणे. त्याले कयामतीचं सांगितलं. बरं आजी म्हणे.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
वॉचमनले मी कामवाली वाटली. वेश पक्का जमला! दार अर्धं उघडं. बेल वाजवली नाही, रूलच तसा. नीलम ललितले विचारून राहिली होती, आईंच्या खोलीत पार्लरच्या खुर्च्या लावल्या, त्याइले सांगितलं काय?
ललित म्हणे, "काहून सांगू? दिवाळी आली की होळीनंतर नेतो म्हणीन. तिले तेवढंच पुरते."
पोरगा मायचा स्वभाव बराबर ओळखते. खुर्च्या लाल हायेत, चांगल्या. दुःख कुठंच दिसलं नाही. पीठ दाराशी ठेवलं अन् आली.

११ ऑक्टोबर
ललितचा फोन. कोणीतरी दाराशी पीठ ठेवून गेलं, तू पाठवलं काय? नाही म्हटलं. खलिफानंबी नाव सांगितलं नव्हतं. मंग म्हणे वॉचमनले देऊन टाकतो. अन् आई, दिवाळीनंतर जमत नाही, होळीनंतर नेतो. मी हो म्हटलं.
हमीदाबी आली. कोणाच्या घरी रडणं आयकू आलं काय, म्हणे.
राजापेठेत तर नाही, म्हटलं.
तिनं डब्यातलं उरलेलं पीठ काढलं, माही चूल पेटवली, भाकर टाकली. मी जेवेपर्यंत उठली नाही.