हाय म्हणजे हो

८ जुलै, मंगळवार. सकाळी १०.४०
माझं आयुष्य आज १०.२५ ला बदललं. डांगे चौक, वडापावची गाडी, एका हातात मोबाईल. समोर रील आलं. चष्मेवाला डॉक्टर सांगत होता की वाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूला आवाजातले बारीक फरक पटकन कळतात, म्हणून त्यांना परकी भाषा लवकर येऊ शकते. थोडं जीन्सवरही असतं. मग तो "परंतु" म्हणाला. तिथे बंद केलं. मुद्दा कळला होता.

सहा वर्षं पथकात ताशा वाजवतोय. म्हणजे तो मेंदू हाच.

आणि वरच्या मजल्यावरची स्वरूपा (मूळ लातूर, सध्या माझं सर्वस्व) जपानी शिकते. मागच्या आठवड्यात तिने जिन्यात स्वतःहून विचारलं, "तू ताशा वाजवतोस ना?" पुढे "जरा हळू वाजव, माझा अभ्यास चालू असतो" असंही म्हणाली, पण सुरुवात महत्त्वाची.

दुपारी
तिच्याच क्लासला नाव घातलं. ती तिथे वरच्या वर्गात आहे, पण नवशिक्यांच्या बॅचला मदतनीस म्हणून बसते. आईने विचारलं, डिप्लोमाचं काय. प्रिन्सिपल माफी मागत नाहीत तोवर कॉलेजची पायरी चढणार नाही, हे पुन्हा सांगितलं. तोंडी परीक्षेतून दार आपटून निघालो त्याला चौदा महिने झाले. विचार करत असतील.

संकल्प: तीन महिन्यांत जपानी. चौथ्यात स्वरूपा.

१० जुलै, गुरुवार
पहिला क्लास. आम्रपाली मॅडमनी पहिलाच शब्द दिला: हाय. म्हणजे हो. मोठ्याने हसलो. आम्ही थेरगावचे मूळचे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या "हाय"च चालतं. म्हणजे भाषा रक्तातच होती, फक्त फी भरायची राहिली होती. "व्हय" पण जपानीच निघणार. मॅडमना अजून माहीत नसेल.

मॅडम पुढे म्हणाल्या की या "हाय"चं एक लक्षात ठेवा. तेवढ्यात स्वरूपाने केस मागे घेतले. काय लक्षात ठेवायचं ते राहिलं.

१५ जुलै, मंगळवार
जीन्सचा शोध. आईला विचारलं, माझे जीन्स कुठून आले. ती म्हणाली, दोरीवर वाळतायत.

स्वतःच विचार केला. आजोबा धोंडीबा जत्रेत संबळ वाजवायचे, असं लहानपणापासून ऐकतोय. तिथून आले. वडिलांकडून येणं शक्य नाही. अर्जुनराव आरतीला टाळ्या वाजवतात तेव्हा देवसुद्धा चुकत असेल. नऊ वर्षं चाकणच्या कंपनीत जपानी साहेबांची गाडी चालवतात. गाडीत काहीतरी बोलतात म्हणे. असेल, डावीकडे-उजवीकडे एवढंच. काल म्हणाले, अडलं तर विचार. मान हलवली. ज्याला ठेका नाही त्याला काय विचारायचं? जीन्स एक पिढी सोडून उतरतात.

१९ जुलै, शनिवार
माझी पद्धत तयार. पाठांतर नाही. प्रत्येक वाक्य ताशाच्या ठेक्यात बसवायचं. जिथे वाक्य कमी पडेल तिथे एक ठोका जादा. मस्त बसतं.

क्लासमध्ये चाचणी झाली. पन्नासपैकी नऊ. मॅडम म्हणतात, जपानीत एक ठोका वाढला की अर्थच बदलतो. मी काकूंना आजी केलं. काकू कधीतरी आजी होणारच, असं सांगितलं. बॅच हसली. स्वरूपा सगळ्यात जास्त. (चांगली खूण.) रागाने उठलो, दार आपटलं. पण त्या काचेच्या दाराला वर दांडा बसवलाय. सावकाश, सुस्कारा टाकत बंद झालं. तोवर बॅच बघत बसली होती. असल्या दारांवर बंदी हवी.

२४ जुलै, गुरुवार. संध्याकाळी ६.१५
झालं. बोललो.

रविवारी पथकाचं वाद्यपूजन. स्वरूपाला जिन्यात गाठलं आणि जपानीत आमंत्रण दिलं. वाक्य एकच, पण ताशावर काड्यांची सलग तर्री वाजावी तसं: "निचियोबी नि कित्ते कुदासाई." रविवारी कृपया ये. "कित्ते"वर खास ठोका दिला, वजन यावं म्हणून.

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या खांद्यापर्यंत वाढलेल्या केसांकडे बघितलं. ओठ दाबले. आणि म्हणाली, "हाय."

हाय! हो! पथकातल्या रणजीतला लगेच फोन केला. तो म्हणाला, भावा, नक्की हो म्हणाली का? त्याला काय कळणार, तो ढोल वाजवतो.

२६ जुलै, शनिवार
उद्यासाठी कुर्ता इस्त्री. आईला म्हटलं, आजोबांचा संबळ असता तर पूजेत ठेवला असता. आई कणीक मळता मळता म्हणाली, "कसला संबळ? तुजा आजा संबळवाल्याच्या मागं दिवटी धरून हुभा ऱ्हायचा. तीबी एकदा इझली."

असो. उजेड धरायलाही लय लागते.

२७ जुलै, रविवार. दुपारी १२.५०
जिन्यात बसून लिहितोय.

पूजन दहाचं होतं. साडेअकरापर्यंत फाटकाकडे बघत होतो. नारळ रणजीतने फोडला. तणतणत घरी आलो.

स्वरूपा आमच्या हॉलमध्ये होती. क्षणभर वाटलं, पत्ता चुकला बिचारीचा. पण ती आणि अर्जुनराव समोरासमोर बसून जपानी बोलत होते. डावीकडे-उजवीकडे नव्हे. गप्पा. माझे वडील जपानीत विनोद करत होते आणि ती हसत होती. सोमवारी तिची चाकणला दुभाष्याच्या जागेसाठी मुलाखत आहे. दोन आठवडे ती सरावाला येते. माझ्या ताशाच्या वेळेत.

मी म्हणालो, तू आज येते म्हणाली होतीस.

"कधी?" ती म्हणाली. "तू तर कापा म्हणालास."

वडिलांनी शांतपणे सांगितलं की "किते" म्हणजे ये आणि "कित्ते" म्हणजे काप. एक ठोका जादा पडला.

"मला वाटलं, केसांचं बोलायलास," स्वरूपा म्हणाली. "पटलं होतं."

मग मी विचारलं, आणि "हाय"? तिने अर्जुनरावांकडे बघितलं. वडीलच बोलले, जपून जपून, साहेबांना खड्डा सांगावा तसं: "समोरचा हाय म्हणला म्हंजी हो म्हणला, असं नसतंय बाबा. नुसतं ऐकलं, एवढंच असतंय बऱ्याचदा."

त्यांना हे कुठून आलं, विचारलं. म्हणाले, नऊ वर्षं साहेब बोलायचे, मी ऐकायचो. चुकलो की हसायचे. मी परत बोलायचो.

मी ताशा उचलला. आईने आतून विचारलं, "जेवायला हायेस का रं?"

"हाय," म्हणालो.

आणि बाहेर येऊन दार लावलं. आपटलं नाही. आत सराव चालू होता.