ओट्याखालच्या बाटल्या

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. बाबांचा डोळा आता बरा आहे. थेंब मीच घालते, पण सध्या ते माझ्याशी बोलत नाहीत. वेळ झाली की खुर्चीत बसून नुसता चेहरा वर करतात, मी थेंब टाकते, झालं. का बोलत नाहीत ते पुढे येईलच. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच 'आई, मीटिंग आहे' म्हणतेस आणि माझं सगळं घशातच राहतं. कागदाला मीटिंग नसते.

इकडे वीजकेंद्राच्या राखेचं तळं आणखी पसरलंय. तू सायकल शिकलीस ते मैदान त्याच्या पोटात गेलं. वीजकेंद्राचा नवा विभाग सुरू झाल्यापासून दोरीवरचे कपडे आधी झटकायचे आणि मग घड्या घालायच्या, अशी रीतच पडली आहे. शेजारच्या शिलाईवाल्या वहिनींकडे शाळेचे पांढरे शर्ट येईनासे झाले, शिवून होईपर्यंत करडे होतात म्हणून. आणि आले असते तरी शिवणार कोण? वहिनींच्या बोटांवरचे फोड आता कोपरापर्यंत चढलेत, सुई धरवत नाही. मशीनवर झाकण घालून त्यावर त्यांनी भाजीची टोपली ठेवली आहे. त्या घरात गेलं की मी त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळते.

त्या नव्या विभागाला तुझ्या बँकेने कर्ज दिलं तेव्हा बाबा कसे गल्लीभर सांगत फिरले होते, आठवतं? जन्मभर तिथे फिटर म्हणून राबलो आणि आता माझी लेक त्यांना पैसे देते, म्हणे. जसे काही तुझ्या पर्समधून गेले! पुढे गल्लीच्या नळाला येणाऱ्या बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला, तेव्हा कर्ज दिलेल्या कामाची तपासणी म्हणून तुमच्याच बँकेचा कागद आला: पाणी तपासलं, पिण्यास योग्य. नळावर बायका कुरकुरल्या, पण वहिनींनीच सगळ्यांना गप्प केलं. त्या म्हणाल्या, अगं, खराब असतं तर ठकूने आधी आपल्या आईला सांगितलं नसतं का? कळशी उचलताना माझी मान जरा ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू.

मग बाबांच्या ऑपरेशनला तू आलीस. किती बरं वाटलं मला! स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाहीस. तू बस, चहा मी करते. तू बस, डाळ मी शिजवते. मी मनात म्हटलं, दूर राहून पोरीला माया सुटली. रोज रात्री तोच धोशा, आई, तुम्ही दोघं कायमचे माझ्याकडे चला. बाबा म्हणाले, तुझ्या त्या काड्यापेटीत मी पाय कुठे पसरू? तू हसली नाहीस. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही.

तू गेल्यावर ओट्याखालचा कचऱ्याचा डबा उपसला, तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. मला आधी हसूच आलं. पोरगी साहेबीण झाली, म्हटलं. चांगल्या जाड बाटल्या, टाकवतात थोड्याच? धुऊन ओट्याखाली ओळीने लावल्या, आणि त्या दिवशीच्या हिशेबात गमतीने लिहिलंसुद्धा: बाटल्या, फुकट. संध्याकाळी देवापुढे हात जोडून बसले आणि नाव घेता घेता थांबले. साहेबिणीने बाटल्या उघड्यावर ठेवल्या असत्या गं. वर्तमानपत्रात कशाला गुंडाळल्या असत्या? चहा, डाळ, बाबांच्या गोळ्यांचं पाणी, सगळं तू तुझ्याच हाताने केलेलं आठवलं. त्या दिवशी प्रार्थना पुरी झाली नाही माझी.

नंतर एकदा नळावर कुणीतरी पुन्हा पाण्याला नावं ठेवली आणि वहिनींनी त्या फोडांनी भरलेल्या हाताने माझ्याकडे बोट दाखवलं, हिच्या लेकीने सांगितलं नसतं का? मी कळशी तशीच टाकून घरी आले.

तुमच्या बँकेविरुद्धच्या तक्रारी ऐकायला बँकेचीच वेगळी कचेरी आहे म्हणतात. म्हणजे सासूचं गाऱ्हाणं सासूच्या बहिणीकडे! पण दुसरं दार नाही. तिथे एकट्याचं दुखणं चालत नाही, निदान दोन रहिवाशांच्या सह्या लागतात. आधी सगळी गल्ली तयार होती. मग कुणाच्या मुलाला वीजकेंद्राच्या राखेच्या गाडीवर नोकरी लागली, कुणाच्या तिथल्या गेटवर, आणि एकेक जण मागे सरला. उरल्या एकट्या वहिनी. दुसरी सही मी केली. बाबा म्हणाले, पोरीच्या अन्नात माती कालवलीस. तेव्हापासून अबोला. नाव गुप्त ठेवता येतं, तेच कर, असं खुद्द वहिनी म्हणाल्या, तुझ्या नोकरीची काळजी त्यांनाही आहे. पण मॅट्रिकला शिकलेली सही मी आजवर कुठे लपवली नाही, आणि देवापुढे बसते ते नाव लपवून बसत नाही.

तेव्हा ठकू, पत्र एवढ्यासाठीच. तुझ्या कचेरीत कुणी माझं नाव वाचून तुझ्याकडे वळून बघेल, त्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं. तक्रारीत वास लिहिला, फोड लिहिले, राख लिहिली. बाटल्यांचं लिहिलं नाही. अजून वहिनींनाही सांगितलेलं नाही. पण पुढच्या महिन्यात चौकशीची माणसं येणार आहेत, ह्याच स्वयंपाकघरात बसतील, आणि पाण्याबद्दल लेकीला काही ठाऊक होतं का, असं विचारलं तर आईच्याने खोटं बोलवणार नाही. त्याआधी तू बोल. तुला काय ठाऊक होतं, तुला गप्प कुणी बसवलं, ते तूच सांग. नोकरी गेली तर घरी ये. येताना पाणी आण, पण ह्या वेळी बाटल्या लपवू नकोस, ओट्यावर ठेव. पहिला पेला मी वहिनींना नेऊन देईन, आणि कुणी आणलं ते सांगेन.

रागावलीस तरी तुझीच,
आई