मडक्यातला बेस

वडसा, नोव्हेंबर ९८, शुक्रवार संध्याकाळ

थकलो. आज तालमीत नाटकाचे मालक म्हणाले, "भाऊ, यंदा बेस गिटार राहू द्या. ऑर्गनवाला डाव्या हातानं तेवढं वाजवून घेते." इतके हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवलं, अन् त्याचा डावा हात पुरला? गिटार उचलली अन् निघालो.

घरी येऊन कॅसेट लावली. चांगल्या बेसच्या म्हणून जपलेल्या दोन-चारच आहेत, त्यातली सगळ्यात लाडकी. नागपूरच्या फुटपाथवरची, कोण्या इंग्रजी बँडची. कव्हर नाई, नाव आजही माहीत नाई. तिच्यावरच मी शिकलो. रिकाम्या मडक्याच्या तोंडावर स्पीकर उपडा ठेवला की तो बेस छातीत वाजते. आज पाहतो तर मडक्यात पाणी. बायकोनं, शोभानं, भरलं असंल. म्हटलं, आता ते पाण्यालेच बरं. तशीच ऐकली. नुसता पत्रा वाजल्यावानी.

शोभा तांदूळ निवडत होती. मालकाचं तिले सांगितलंच नव्हतं. एरवी रोज तीच म्हणते, ढुमढुम बंद करा. आज उठून आली. "गाणं असं पोकळ काऊन लागून राह्यलं?"

तिनं मडक्यातलं पाणी बादलीत ओतलं, पदरानं ते आतून पुसलं अन् माझ्यापुढं आणून ठेवलं.